घरांतील शास्त्र : वाऱ्याला अडविणारें वस्त्र

गेल्या श्रावणांत आमच्या घरच्या कोठीची साफसफाई निघाली, तेव्हां एकाच फळीवर दोन पुडकीं सांपडलीं. एकांत वैशाखांत कुटलेली शेंगदाण्याची चटणी होती. ती साध्या पातळ पिशवींत भरून वर दोन गांठी मारून ठेविली होती. दुसरें पुडकें बाजारच्या बटाट्याच्या काचऱ्यांचें, बाहेरून रंगीत व आंतून रुपेरी. तेंही त्याच सुमारास घरांत आलेलें. चटणीची गांठ सोडतांच खवट वास आला आणि ती टाकून द्यावी लागली. काचऱ्या मात्र काल तळल्यासारख्या कुरकुरीत निघाल्या.

दोन दिवसांनीं परसांत पारिजातकासाठीं खड्डा खणतांना तसल्याच रुपेरी पुडक्याचा एक तुकडा मातींतून वर आला. धुऊन पाहिला तों त्यावरील अक्षरें स्पष्ट वाचतां येत होतीं. आंतल्या जिनसाची मुदत संपून नऊ वर्षें झालीं होतीं; वेष्टनाला मात्र कांहींच झालें नव्हतें. आमच्या वडील भगिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “खायचें तें टिकत नाहीं, आणि फेंकायचें तें मरत नाहीं. आमच्या वेळीं डबे होते, तेच बरे होते.” यावर सूनबाईंनीं नम्रपणें विचारलें, “आत्याबाई, भावजींना जर्मनीस चिवडा पितळी डब्यांतून कसा धाडायचा?”

दोघींचेंही म्हणणें खरें आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्हीं या महिन्यास घेतला आहे. अन्न राखील, पण स्वतः मागें उरणार नाहीं, असें वेष्टन वनस्पतींपासून करतां येईल काय, हा तो विषय होय.

प्रथम चटणी खवट कां झाली तें पाहूं. हवेंत सुमारें २१ टक्के प्राणवायु असतो. शेंगदाण्याच्या तेलांतील स्निग्धाम्लांच्या रेणूंत कांहीं ठिकाणीं दुहेरी बंध असतात, आणि त्यांच्या लगतची जागा प्राणवायूच्या हल्ल्यास फार सोयीची असते. तेथें प्राणवायु चिकटला म्हणजे पेरॉक्साइड नांवाचीं संयुगें बनतात. तीं फुटून उग्र वासाचे लहान रेणु निर्माण होतात. तोच खवटपणा. या क्रियेचा विशेष असा कीं एक रेणु बिघडला म्हणजे तो शेजारच्यास बिघडवितो, आणि ही सांखळी पुढें चालूं राहते. उजेड, उष्णता व धातूंचे अंश यांनीं तिला वेग येतो. साजुक तूप व खोबरेल यांत असे दुहेरी बंध कमी असल्यामुळें तीं अधिक टिकतात. आणि अख्खा दाणा जितका टिकतो तितकी त्याची कुटलेली चटणी टिकत नाहीं, कारण कुटल्यानें हवेशीं संबंध येणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो.

आपल्या आज्या-पणज्यांस रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, तरी प्राणवायूचा बंदोबस्त कसा करावा हें त्या जाणत होत्या. लोणच्याच्या बरणींत फोडी बुडून वर चार बोटें तेल राहिलें पाहिजे, असा त्यांचा दंडक असे. बुरशीस वाढण्यास हवा लागते. तेलाचा तो थर म्हणजे फोडी आणि हवा यांमधील पडदाच. बरणी गळ्यापर्यंत भरावी, अर्धी झाली कीं लहान बरणींत काढावी, हाही नियम त्यांतलाच. चिनी माती, कांच आणि धातु यांतून प्राणवायु जात नाहीं. तो शिरतो तेवढा झांकणाच्या फटींतून. म्हणून दादरा घट्ट बांधावयाचा.

मग पिशवीला तर भोंक नव्हतें. तींत हवा शिरली कशी? याचें उत्तर टॉमस ग्रॅहॅम या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानें १८६६ सालीं रबराच्या पापुद्र्यांवर प्रयोग करून दिलें. वायु पापुद्र्यांतून भोंकावाटे जात नाहीं. तो एका बाजूनें पापुद्र्यांत विरघळतो, आंतल्या लांब रेणूंच्या मधल्या मोकळ्या जागांतून वाट काढीत सरकतो आणि दुसऱ्या बाजूनें बाहेर पडतो. म्हणून पिशवी कितीही अखंड असली तरी तिचे रेणु एकमेकांस किती घट्ट बिलगून आहेत, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें.

साध्या पिशव्यांचें पॉलिएथिलीन १९३३ सालीं इंग्लंडांत हातीं लागलें. त्याचे रेणु म्हणजे कर्ब व हैड्रोजन यांच्या लांबलचक सांखळ्या. त्यांस एकमेकींचें फारसें आकर्षण नसतें. पाण्याची वाफ ते चांगली अडवितात, परंतु प्राणवायूस वाट मोकळी देतात. एक-चाळीसांश मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पापुद्र्यांतून चोवीस तासांत किती घनसेंटिमीटर प्राणवायु जातो, असें माप धरिलें, तर या पॉलिएथिलीनचा आंकडा हजारांच्या घरांत जातो. बाटल्यांच्या पॉलिएस्टरचा तो पन्नास-साठांच्या आसपास येतो. आणि एथिलीन-व्हायनिल-अल्कोहोल या नांवाचा जो पदार्थ जपानांतील कुरारे कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणिला, त्याचा आंकडा कोरड्या हवेंत एकाहूनही कमी असतो.

आमच्या रुपेरी पुडक्याचें रहस्य याच हिशेबांत आहे. तें एक वस्त्र नसून अनेक वस्त्रांची चिकटवलेली घडी आहे. एक थर छपाईसाठीं, एक वाफ अडविण्यासाठीं, एक उष्णतेनें तोंड बंद करण्यासाठीं. आणि प्राणवायु अडविण्यासाठीं मधें ॲल्युमिनियमचा, मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतका पातळ मुलामा. शिवाय भरतेवेळीं आंतील हवा काढून नत्रवायु भरलेला असतो. युक्ति नामी खरी, पण हे थर पुन्हां वेगळे करणें जवळजवळ अशक्य असल्यानें असलें पुडकें भंगारवालाही घेत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकबंदी आली. मिठाईच्या खोक्याभोंवतीं गुंडाळावयाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाला. पण खाद्यपदार्थांचीं बहुथरी पुडकीं या बंदींतून बाहेर राहिलीं आहेत, कारण त्यांची जागा घेईल असें स्वस्त वस्त्र दुकानदाराजवळ नाहीं.

आतां वनस्पतींकडे वळूं. झाडाच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या बनलेल्या असतात, तें सेल्युलोज फ्रेंच शास्त्रज्ञ आन्सेल्म पायां यानें १८३८ सालीं वेगळें करून दाखविलें. कापसांत तें सुमारें नव्वद टक्के असतें, लांकडांत चाळीस ते पन्नास टक्के. तेंही लांब सांखळीचेंच आहे. परंतु पॉलिएथिलीनहून एका बाबतींत अगदीं निराळें. त्याच्या सांखळीवर जागोजागीं प्राणवायु व हैड्रोजन यांच्या जोड्या, म्हणजे हैड्रॉक्सिल गट, असतात. हे गट शेजारच्या सांखळीवरील गटांस ओढून धरतात. फेर धरलेल्या मुलींनीं हात घट्ट गुंफले म्हणजे बाहेरच्यास आंत शिरतां येत नाहीं, तशी प्राणवायूची गत होते. वर सांगितलेल्या जपानी पदार्थाचेंही सामर्थ्य याच गटांत आहे. खनिज तेलापासून मोठ्या खटपटीनें जें साधलें, तें झाडाच्या अंगीं मूळचेंच होतें.

झाडाच्या या गुणाचा उपयोग शंभर वर्षांपूर्वींच होऊन गेला आहे. १८९२ सालीं इंग्लंडांत क्रॉस, बेव्हन व बीडल या तिघांनीं लांकडाचा लगदा दाहक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या साह्यानें विरघळवून व्हिस्कोज नांवाचा दाट पाक तयार केला. ज्याक ब्रांडेनबर्गर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं त्या पाकापासून पारदर्शक पापुद्रा काढला आणि त्यास सेलोफेन हें नांव दिलें. प्राणवायु, तूप-तेल आणि वास यांस हा पापुद्रा चांगला अडवी. परंतु ओलाव्यास मुळींच अडवीत नसे. अखेर १९२७ सालीं अमेरिकेंत विल्यम हेल चार्च या संशोधकानें नायट्रोसेल्युलोज व मेण यांचें अतिशय पातळ रोगण त्यावर चढवून तो दोष काढला, आणि मग सेलोफेन घरोघर पोंचलें. पुढें पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त पापुद्रा आला व त्यानें सेलोफेनला बहुतेक ठिकाणांहून हुसकून लाविलें.

या कथेंतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं वनस्पतिज पापुद्र्याचा वैरी ओलावा हा आहे. दुसरी अधिक गंभीर आहे. कार्बन डायसल्फाइडची वाफ विषारी असून व्हिस्कोजच्या कारखान्यांतील कामगारांच्या मज्जातंतूंवर, मनावर व हृदयावर तिचे दुष्परिणाम झाले, हें वैद्यकशास्त्रानें नोंदवून ठेविलें आहे. तेव्हां एखादी वस्तु झाडापासून झाली एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं. ती कशी केली हेंही विचारलें पाहिजे.

अलीकडच्या संशोधकांनीं सेल्युलोज विरघळविण्याऐवजीं त्याचे मूळचे तंतु सुटे करण्याचा मार्ग धरिला आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टर्बाक व त्याचे सहकारी यांनीं अमेरिकेंत लांकडाच्या लगद्याचें पातळ पाणी दूध एकजीव करण्याच्या यंत्रांतून मोठ्या दाबानें वारंवार काढलें. तेव्हां तंतु पिंजले जाऊन दाट खिरीसारखा पदार्थ मिळाला. पण या पिंजण्यास विजेचा खर्च अतोनात येई. तोक्यो विद्यापीठांत आकिरा इसोगाई व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं ‘टेंपो’ या उत्प्रेरकाचा उपयोग करून तंतूंच्या पृष्ठभागावर ऋणभार आणिला. सारखा भार असलेले तंतु एकमेकांस दूर सारतात, त्यामुळें ते थोड्याशा घुसळण्यानेंच सुटे होऊं लागले. हे तंतु तीन ते चार नॅनोमीटर रुंद असतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा सुमारें वीस हजारावा भाग होय. या कार्याबद्दल इसोगाई, साइतो व निशियामा यांस २०१५ सालीं स्वीडनचें मार्कुस वालेनबर्ग पारितोषिक मिळालें. अशा तंतूंचें पाणी पसरून वाळविलें म्हणजे कांचेसारखा पारदर्शक पापुद्रा बनतो आणि कोरड्या हवेंत तो प्राणवायूस उत्तम अडवितो.

दुसरा मार्ग हेमिसेल्युलोजचा. लांकूड, कोंडा, तूस यांत सेल्युलोजच्या जोडीला झायलन नांवाचें द्रव्य असतें. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील चाल्मर्स विद्यापीठांतील संशोधकांनीं २००४ सालीं ॲस्पेन झाडाच्या झायलनचे पापुद्रे काढून त्यांचा प्राणवायु अडविण्याचा गुण प्रसिद्ध केला. नुसतें झायलन वाळलें कीं पापडासारखें मोडतें. म्हणून त्यांत सॉर्बिटॉलसारखें नरम करणारें द्रव्य घालावें लागतें. येथें एक पेंच असा कीं नरमपणा म्हणजेच सांखळ्यांची गुंफण सैल करणें. नरम करणारें द्रव्य जितकें अधिक, तितका पहारा ढिला. याच कामीं पिठाच्या सत्त्वाचे, म्हणजे स्टार्चचे, थरही वापरून पाहतात. पातेल्याच्या कडेस पेज वाळून जो पापुद्रा सुटतो, तो याच जातीचा. कित्येक वेळां अशा थरांत बारीक मातीचे सपाट कण मिसळतात. मग प्राणवायूस सरळ न जातां पेठेंतल्या बोळांसारखीं वळणें घेत जावें लागतें व त्याला उशीर होतो.

एवढें सर्व असतां आमच्या वाण्याच्या दुकानांत असलें पुडकें अजून कां नाहीं? याचें कारण आमच्या घरांतल्या बायकांस सांगावयास नको. खळ घातलेलें पातळ हिवाळ्यांत कागदासारखें ताठ राहतें आणि आषाढांत दोरीवरून काढतांना लोळागोळा होतें. खळ म्हणजे स्टार्चच. हवेंतील पाण्याचे रेणु सांखळ्यांच्या गुंफलेल्या हातांमध्यें शिरतात, स्वतःच हात धरितात, आणि फेर सैल पडतो. मग प्राणवायु खुशाल आंत जातो. सेल्युलोज काय, झायलन काय, किंवा तो जपानी पदार्थ काय, ओल्या हवेंत सर्वांचीच ही अवस्था होते. त्या जपानी पदार्थास दोन्हीं बाजूंनीं पॉलिएथिलीनसारख्या थरांत दडवून ठेवितात तें याचसाठीं.

येथें आम्हांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. प्राणवायु अडविण्याचे जे आंकडे प्रसिद्ध होतात, ते पुष्कळदां २३ अंश उष्णतामानावर आणि ५० टक्के किंवा त्याहून कमी आर्द्रतेंत मोजलेले असतात. युरोपांतील बंद खोलीस तें माप शोभतें. पण मुंबईंत, रत्नागिरींत किंवा गोमंतकांत पावसाळ्याचे चार महिने हवेंतील आर्द्रता ८० ते ९० टक्के असते. तेथें त्या आंकड्याचा भरंवसा कोणी धरावा? आमच्या देशांत असा पापुद्रा विकूं पाहणाऱ्यास पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे कीं, हें माप कोणत्या हवेंत घेतलें? कोंकणांतल्या माळ्यावर आषाढ काढून जें वेष्टन टिकेल, तेंच आमच्या उपयोगाचें.

ओलाव्यावर उपाय नाहींतच असें नाहीं. मेणाचा थर देतां येतो. तंतूंची रासायनिक रीतीनें एकमेकांशीं पक्की गांठ घालतां येते. किंवा कागदावर वनस्पतिज पापुद्रा व त्यावर ओलावा अडविणारा अत्यंत पातळ लेप, अशी रचना करितां येते. परंतु लेप जाड झाला कीं पुनः तेंच बहुथरी पुडकें. त्याशिवाय हे सर्व पदार्थ पाण्यांत कालवून पसरावे लागतात आणि तें पाणी आटविण्यास इंधन लागतें; वितळवून झटपट ताणल्या जाणाऱ्या पॉलिएथिलीनशीं किंमतीच्या बाबतींत बरोबरी करणें यामुळें कठीण जातें. ही अडचण सांगितल्याशिवाय केवळ स्तुति करणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें.

शब्दांच्या बाबतींतही सावध राहिलें पाहिजे. ‘वनस्पतिज’ आणि ‘कुजणारें’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. ब्राझीलमध्यें ब्रास्केम कंपनी २०१० सालापासून उसाच्या मद्यार्कापासून पॉलिएथिलीन करिते. त्याचा उगम ऊस हा खरा. पण रेणु तोच असल्यामुळें तें खनिज तेलाच्या पॉलिएथिलीनइतकेंच न कुजणारें असतें. मक्यापासून किंवा उसापासून होणारें पॉलिलॅक्टिक आम्ल कुजतें, पण त्यास सुमारें साठ अंशांच्या उष्णतेची मोठी खतशाळा लागते; परसांतल्या खड्ड्यांत तें वर्षानुवर्षें पडून राहूं शकतें. शिवाय प्राणवायु अडविण्यांत तें फारसें समर्थ नाहीं. सेल्युलोज, झायलन व स्टार्च यांस मात्र मातींतील जंतु ओळखतात. तीं त्यांचें युगानुयुगांचें अन्न आहे. पण त्यांवर कोणतें रोगण चढविलें आहे, यावर तोही गुण टिकून राहणें अवलंबून असतें.

महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध उसाच्या द्वारें येतो. गाळलेल्या उसाचीं जीं चिपाडें उरतात, त्यांच्या कोरड्या वजनांत सुमारें चाळीस ते पन्नास टक्के सेल्युलोज व पंचवीस ते तीस टक्के हेमिसेल्युलोज असतें, आणि त्या हेमिसेल्युलोजांत मुख्य भाग झायलनचाच. म्हणजे ज्या द्रव्यासाठीं स्वीडनमध्यें झाडाकडे पाहतात, तें आमच्याकडे साखर कारखान्याच्या अंगणांत ढिगानें पडतें. तथापि तें फुकट पडलें आहे असें कोणी समजूं नये. कारखान्यांचे बाष्पक त्याच चिपाडांवर चालतात, वीजही होते, कागदही होतो. त्यांतून झायलन काढावयाचें तर त्या इंधनाची भरपाई कोठून करावयाची, हा हिशेब आधीं मांडला पाहिजे. परंतु निदान हा हिशेब मांडण्याजोगा आहे, आणि तो आमच्याच तरुण रसायनशास्त्रज्ञांनीं, आमच्याच हवेचें माप घेऊन, मांडावा, अशी आमची इच्छा आहे.

तोंपर्यंत गृहिणीनें काय करावें? आम्हीं घरीं जें ठरविलें तें सांगतों. शेंगदाण्याची व तिळाची चटणी पंधरा दिवसांपुरतीच कुटावयाची व कांचेच्या बरणींत गळ्यापर्यंत भरून अंधाऱ्या फडताळांत ठेवावयाची. घरांतल्या घरांत वापरावयाच्या जिनसांस डबे व बरण्या पुरेत. तेथें आत्याबाईंचा निकाल आम्हांस मान्य आहे. दूरदेशीं धाडावयाच्या फराळास मात्र प्राणवायु अडविणारें चांगलें वेष्टन घेण्यांत आम्ही दोष मानीत नाहीं. तेल, दाणे, पोहे, जळण आणि घरच्या बाईचे दोन दिवसांचे श्रम खवट होऊन परदेशच्या कचऱ्यांत जाणें, हाही नाशच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०११ सालीं काढलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत माणसांसाठीं पिकविलेल्या अन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वायां जातो. तो वांचवावयाचा तर वेष्टनाची जात सर्वस्वीं टाकून चालणार नाहीं. ती सुधारलीच पाहिजे.

मात्र ‘झाडापासून केलेलें’ अशी पाटी लावलेलें पुडकें कोणी पुढें केलें, तर वाचकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे : यांतील प्राणवायु अडविणारा थर कोणता? ओल्या हवेंत तो किती टिकतो? आणि वापरून झाल्यावर हें नेमकें कोठें टाकावयाचें? दुकानदारास उत्तरें येणार नाहींत; पण विचारणारांची संख्या वाढली म्हणजे तीं उत्तरें पुडक्यावर छापावीं लागतील.

दिवाळींत सूनबाईंनीं जर्मनीस चिवडा रुपेरी पिशवींतूनच धाडला. तो पोंचावयास पांच आठवडे लागले आणि चव जशीच्या तशी राहिल्याचें पत्र आलें. परसांत सांपडलेला तो तुकडा सुक्या कचऱ्यांत द्यावयाचा होता. आत्याबाईंनीं तो धुऊन, पुसून, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्याखालीं घातला आहे. तो टाकून द्यावा असें आम्हांस अजून सांगवलें नाहीं, कारण तें काम तो उत्तम करीत आहे.